आईचा जी६पीडी ‘नॉर्मल’, मुलाचा जवळजवळ शून्य: एक्स गुणसूत्राचा हा हिशोब वर्गात कसा मांडायचा?

लातूर_जीवशास्त्र

बारावी आणि नीटच्या मुलांसाठी विचारतोय. लिंग-सहलग्न आनुवंशिकतेचा तक्ता फळ्यावर काढला की आई वाहक, बाप निरोगी, निम्मे मुलगे बाधित, एवढ्यावर पेपरचं काम भागतं. अडचण पुढे येते. नावं झाकून एका घरातले दोन रिपोर्ट वर्गात दाखवले. मुलाच्या जी६पीडीची (तांबड्या पेशींना फुटण्यापासून वाचवणारं एन्झाइम, त्याचं जनुक एक्सवर) क्रिया ०.४ युनिट प्रति ग्रॅम हिमोग्लोबिन, म्हणजे नसल्यातच जमा. आईच्या कागदावर फक्त ‘स्पॉट टेस्ट: नॉर्मल’. मुलाला एक्स आईकडूनच आलेला, मग आई नॉर्मल कशी?

त्यावरून प्रश्नांची माळच लागली. बाईकडे दोन एक्स, पुरुषाकडे एक. मग एक्सवरच्या आठशे-साडेआठशे जनुकांची प्रथिनं बाईत दुप्पट बनतात का? बनत नसतील आणि एक एक्स बंदच राहत असेल, तर टर्नरच्या मुलीला (४५,एक्स, म्हणजे एकच एक्स) त्रास का व्हावा? तिच्याकडे चालू एक्स आहेच की. आणि बार बॉडीचं (केंद्रकात गडद ठिपक्यासारखा दिसणारा बंद एक्स) प्रात्यक्षिक आमच्याकडे दरवर्षी फसतं. गालाच्या आतल्या पेशी घेऊन मेथिलिन ब्लू लावतो, सगळं निळंशार दिसतं, ठिपका काही सापडत नाही.

एका मुलाच्या घरी कोंबड्या आहेत. त्याचा प्रश्न, ‘सर, कोंबडीत उलटं असतंय ना? मग तिथं कोंबड्याचा एक झेड बंद पडतो का?’ याचंही उत्तर हवंय.

क्रोमॅटिन_संभाजीनगर

सर, पहिल्या प्रश्नाचं उत्तर ‘दुप्पट नाही’ असंच आहे. पण ते पूर्ण बाईबद्दल न देता एकेका पेशीबद्दल द्या, बाकीचा गुंता तिथूनच सुटतो.

मानवी भ्रूण गर्भाशयात रुजण्याच्या सुमारास मुलीच्या प्रत्येक पेशीत दोनपैकी एक एक्स बंद होतो. आईकडून आलेला की बापाकडून आलेला, हे ती पेशी स्वतंत्रपणे ठरवते. एकदा ठरलं की त्या पेशीच्या सगळ्या लेकी-नाती तोच एक्स बंद ठेवतात. मेरी लायन यांनी १९६१ मध्ये उंदरांच्या अंगावरच्या ठिपक्यांवरून हे मांडलं. १९६२ मध्ये बॉयटलर आणि सहकाऱ्यांनी माणसात तेच दाखवलं, आणि गंमत अशी की त्यासाठी त्यांनी जी६पीडीच वापरलं. वाहक बाईच्या रक्तात सगळ्या तांबड्या पेशी ‘अर्ध्या चांगल्या’ नसतात. काही पूर्ण चांगल्या असतात, काही पूर्ण कमतरतेच्या. बंद करण्याचं काम एक्सिस्ट नावाचा आरएनए करतो. हे जनुक १९९१ मध्ये सापडलं. ज्या एक्सवर हा आरएनए बनतो त्यालाच तो गुंडाळतो, त्याचं प्रथिन बनतच नाही.

आता तुमचा रिपोर्ट. चांगल्या पेशीची क्रिया १०० धरा, कमतरतेच्या पेशीची ५ (मुलाच्या आकड्यावरून तेवढीच दिसते). आईत वाटणी निम्मी-निम्मी असेल तर रक्ताचा आकडा साधारण ५२ येईल. ८० टक्के चांगल्या असतील तर ८१. २० टक्केच चांगल्या असतील तर २४. जनुकीय स्थिती तिन्ही बायकांची एकच, रिपोर्ट तीन तऱ्हेचे. रक्त ज्या पेशींपासून पुढे तयार होतं त्या पेशी ही निवड होताना फार थोड्या असतात, म्हणून वाटणी एकीकडे झुकायला वाव राहतो. वय वाढतं तशी रक्तातली वाटणी आणखी झुकते. एकाच बीजापासून झालेल्या दोन जुळ्या बहिणी वाहक असून एकीला ड्युशेनची (स्नायू झिजण्याचा एक्सवरचा आजार) लक्षणं आणि दुसरीला काहीच नाही, अशा नोंदी आहेत.

वर्गात मी हा धडा तीन प्रश्नांवर उभा करेन. प्रथिन पेशीतच राहतं की बाहेर पडून सगळ्यांना वाटलं जातं? कमतरतेच्या पेशी चांगल्या पेशींच्या बरोबरीने वाढतात की मागे पडतात? आणि ते जनुक खरंच बंद होतं का?

पहिल्याचं उदाहरण हिमोफिलिया. रक्त गोठवणारा घटक आठ पेशीबाहेर रक्तद्रव्यात सोडला जातो, त्यामुळे वाहक बाईत सरासरी निम्मी पातळी सगळ्या शरीराला मिळते आणि बहुतेकींचं भागतं. वाटणी वाईट झुकली आणि पातळी ४० टक्क्यांखाली गेली की दात काढताना किंवा बाळंतपणानंतर रक्त थांबत नाही. (गरोदरपणात घटक आठ आपोआप वाढतो. वाहक आहे का हे त्या काळात पातळीवरून ठरवू नये.) जी६पीडी मात्र पेशीच्या आतच राहतं, शेजारची चांगली पेशी कमतरतेच्या पेशीला वाचवू शकत नाही. म्हणून ५२ टक्क्यांच्या बाईने चुकीचं औषध घेतलं तर तिच्या निम्म्या पेशी मुलाच्या पेशींइतक्याच फुटायला तयार असतात.

दुसऱ्याचं उदाहरण ब्रुटनचा प्रतिकारशक्तीचा आजार, ज्यात बीटीके जनुक बिघडलेलं असतं. बिघडलेला एक्स चालू असलेल्या बी-पेशी (प्रतिपिंडं बनवणाऱ्या पांढऱ्या पेशी) तयारच होत नाहीत. वाहक आईच्या रक्तातल्या जवळजवळ सगळ्या बी-पेशी चांगल्या एक्सवरच चालतात, ती ठणठणीत असते.

तिसरा प्रश्न म्हणजे तुमचा टर्नरचा. सगळा एक्स बंद होतच नाही. माणसात सुमारे १५ टक्के जनुकं बंद एक्सवरूनही चालू राहतात, आणखी १० टक्के जनुकांचं काही बायकांत चालतं, काहींत नाही. शिवाय एक्स आणि वायच्या टोकाला सारखाच असलेला एक तुकडा आहे, साधारण २७ लाख अक्षरांचा. तिथली जनुकं बाई-पुरुष दोघांतही दोन प्रतींनी चालतात. उंचीशी संबंधित शॉक्स तिथलंच. ४५,एक्स मुलीत त्याची एकच प्रत, म्हणून उंची कमी. ४७,एक्सएक्सवाय पुरुषात तीन, आणि ते बहुधा सरासरीपेक्षा उंच असतात. बीजांडाच्या पेशींत तर बंद एक्स पुन्हा उघडला जातो, तिथे दोन्ही लागतात. टर्नरमध्ये बीजांडकोश लवकर का संपतो, त्याचं मोठं कारण हेच.

लॅब_नांदेड

वरच्या उत्तरात आकडेमोड बरोबर आहे, पण सरांच्या मूळ प्रश्नातली खोच परीक्षेच्या पद्धतीत आहे. स्पॉट टेस्ट आईसाठी चुकीची परीक्षा आहे.

फ्लुरोसंट स्पॉट टेस्टमध्ये सुमारे १० मायक्रोलिटर रक्त अभिकर्मकात मिसळतात, ०, ५ आणि १० मिनिटांनी गाळणकागदावर ठिपके देतात, वाळवून ३६५ नॅनोमीटरच्या अतिनील दिव्याखाली बघतात. जी६पीडीच्या क्रियेतून एनएडीपीएच बनलं तर ठिपका चमकतो. साधारण ३० टक्क्यांच्या वर क्रिया असली की तो चमकतोच. मुलाला हे पुरतं, त्याचे आकडे एकतर १०० च्या आसपास असतात नाहीतर तळाला. बाईचे आकडे मात्र ३० ते ७० च्या पट्ट्यात रेंगाळतात. तो सगळा पट्टा या परीक्षेत ‘नॉर्मल’ म्हणून निघून जातो. आईचा कागद खोटा नाही. तिच्यासाठी ती परीक्षाच नव्हती.

मोजणीची परीक्षा मागवा: ३४० नॅनोमीटरवर एनएडीपीएच वाढण्याचा वेग, उत्तर युनिट प्रति ग्रॅम हिमोग्लोबिन. त्यात या ठिकाणी चुका होतात:

संदर्भ. १०० टक्के म्हणजे किती, हे प्रत्येक लॅबने आपल्या पद्धतीवर निरोगी पुरुषांच्या मध्यकावरून ठरवायचं असतं, त्यातही आधी तळाचे पुरुष वगळून. बायकांचे आकडे त्यात मिसळले की मध्यक खाली सरकतो. ३० आणि ३७ अंशांवरच्या मोजणीची तुलना होत नाही, म्हणून तापमान रिपोर्टवर असलंच पाहिजे. नवजात बाळाची क्रिया मुळातच जास्त असते, त्याला मोठ्यांचा संदर्भ लावू नये.

वेळ. पेशी फुटून कावीळ झालेल्या आठवड्यात परीक्षा केली तर उत्तर खोटं चांगलं येतं. जुन्या, कमी क्रियेच्या पेशी आधीच फुटून गेलेल्या असतात आणि नव्या, कोवळ्या तांबड्या पेशींत (रेटिक्युलोसाइट) एन्झाइम जास्त असतं. तीन महिने थांबून पुन्हा करा.

पांढऱ्या पेशी. त्यांच्यातही जी६पीडी आहे. हिमोग्लोबिन ६-७ आणि पांढऱ्या पेशी वाढलेल्या असतील तर बफी कोट (पांढऱ्या पेशींचा थर) काढून मगच मोजा, नाहीतर आकडा फुगतो. रक्तक्षय आपल्याकडच्या बायकांत इतका सर्रास आहे की ही गोष्ट अपवाद म्हणून सोडून चालत नाही.

वाहतूक. ईडीटीएची (रक्ताची गुठळी होऊ न देणारी) नळी, २ ते ८ अंश. मे महिन्यात किनवटहून नांदेडला बर्फाविना डबा आला तर क्रिया घटून चांगला माणूसही कमतरतेचा दिसेल. नळी थेट बर्फाला टेकली तर रक्ताचाच बर्फ होऊन पेशी फुटतात, तो नमुनाही फेकावा लागतो. मध्ये कापड किंवा थर्माकोल ठेवा.

एवढं करूनही ८१ टक्क्यांची वाहक सुटणारच. तिला पकडायचं तर डीएनए. भारतात मेडिटेरेनियन (५६३ वर सी ऐवजी टी), केरळ-कल्याण (९४९ वर जी ऐवजी ए) आणि ओरिसा (१३१ वर सी ऐवजी जी) हे जी६पीडी जनुकातले बदल आधी तपासतात.

आकड्याचा उपयोग कुठे, हे मुलांना सांगा. व्हायव्हॅक्स मलेरियाला प्रायमाक्विन १४ दिवस देतात, टॅफेनोक्विन एका मात्रेत संपतं; दोन्हींनी कमतरतेच्या पेशी फुटतात. टॅफेनोक्विन शरीरात आठवडे टिकतं, मध्येच थांबवता येत नाही, म्हणून त्याला ७० टक्क्यांची अट आहे. त्या अटीत पुरुष क्वचितच मधोमध सापडतो, बायका सापडतात. आणि घरात कमतरतेचं बाळ असेल तर कपड्यांतल्या डांबरगोळ्या आधी बाहेर काढायच्या, नॅप्थॅलीनने पेशी फुटतात.

पेशीबिशी

बार बॉडीच्या प्रात्यक्षिकावर लिहितो. मेथिलिन ब्लू पेशीद्रव्यातल्या आरएनएलाही तितकाच चिकटतो, म्हणून सगळं निळं. रंगण्याआधी आम्लाने आरएनए काढावा लागतो. ती पायरी तुमच्याकडे गाळली जातेय.

तोंड दोनदा खळखळून धुवायचं. गालाची आतली बाजू चमच्यासारख्या पट्टीने एकदा खरवडून ते फेकून द्यायचं, वरच्या पेशी मेलेल्या असतात आणि जंतूंनी भरलेल्या. त्याच जागी दुसऱ्यांदा हलकं खरवडून काचपट्टीवर पातळ पसरवायचं आणि ओलं असतानाच ९५ टक्के अल्कोहोलमध्ये अर्धा तास. हवेत वाळवलं की केंद्रक सुकून चुरगळतं, अर्धी प्रात्यक्षिकं इथेच जातात. मग पाण्यातून काढून ५ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्लात खोलीच्या तापमानाला २० मिनिटं. आपल्याकडे उन्हाळ्यात खोली ३८-४० अंशांवर असते, तेव्हा वेळ कमी करा, नाहीतर डीएनएही विरघळत जातो आणि केंद्रक फिकं पडतं. दोन-तीनदा ऊर्ध्वपातित पाण्याने धुवून १ टक्का क्रेसिल व्हायोलेट ५ ते १० मिनिटं, ९५ टक्के अल्कोहोलने जादा रंग उतरवणं, झायलीन, शेवटी डीपीएक्सने झाकणकाच चिकटवणं. १०० च्या तेलभिंगाखाली बघा.

शोधायचं ते असं: सुमारे १ मायक्रोमीटरचा गडद ठिपका, एका बाजूने सपाट, केंद्रकाच्या पटलाला टेकलेला. केंद्रकाच्या मधोमध दिसतोय तो धरू नका. पटलाबाहेर थोडासा बाहेर आलेला असेल तर तो जंतू. १०० स्वच्छ केंद्रकं मोजा. मुलीच्या नमुन्यात २० ते ५० दिसले तरी काम चोख झालं समजा. प्रत्येक पेशीत बार बॉडी असते, पण ती केंद्रकाच्या वर किंवा खाली बसली असेल तर कडेला दिसत नाही. १०० टक्के का नाही, हा प्रश्न मुलं हमखास विचारतात.

याहून सोपं म्हणजे लिशमन रंगाची साधी रक्तपट्टी. बाईच्या न्यूट्रोफिलच्या केंद्रकाला बारीक दांड्यावर गोल डोकं लटकलेलं दिसतं, ढोलाच्या टिपरूसारखं. शंभरात दोन-तीनच सापडतात, म्हणून पट्टी मोठी आणि धीर मोठा लागतो.

आता जरा कडक बोलतो. हे वर्गातल्या मुलींच्या स्वतःच्या पेशींवर करू नका. एखादीच्या नमुन्यात ठिपका दिसलाच नाही, तर तिला टर्नर आहे किंवा ती एक्सवाय असून अँड्रोजेनला (पुरुषी संप्रेरकाला) प्रतिसाद न देणारी आहे, हे भर वर्गात, तीस जणांसमोर कळेल. नाव नसलेल्या तयार काचपट्ट्या वापरा. आणि गर्भाचं लिंग ओळखायला ही पद्धत, कुठलीही पद्धत, १९९४ च्या कायद्याने गुन्हा आहे. हेही त्याच तासाला सांगून टाका.

आरएनए_वाला

क्रोमॅटिन यांच्या मुद्द्याला जोडून. आरएनए-सीक्वेन्सिंगचा डेटा हाताळणारे विद्यार्थी हाच गोंधळ वेगळ्या रूपात घालतात. बाईच्या रक्ताच्या एकत्र नमुन्यात एक्सवरच्या जनुकाची दोन्ही रूपं सापडली की लिहून टाकतात, ‘हे जनुक बंद एक्सवरून निसटतं’. तसं नाही. काही पेशींतून आईचं रूप आलं, काहींतून बापाचं, तुम्ही ते एकाच नळीत ढवळलं. निसटतं म्हणायला एकाच पेशीत दोन्ही रूपं दिसावी लागतात, किंवा वाटणी पूर्ण एकीकडे झुकलेली बाई शोधावी लागते.

दुसरं. एक्सएक्स नमुना जुळवताना संदर्भ जनुकसंचातला वाय झाकून ठेवा. नाहीतर टोकाच्या सारख्या तुकड्यातले वाचन-तुकडे एक्स आणि वायवर सारखेच बसतात, जुळणीचा दर्जा शून्य होतो, आणि शॉक्ससारखी जनुकं मोजणीतून गळतात. नमुन्यांची अदलाबदल झालीय का हे बघायला एक्सिस्ट आणि वायवरचं आरपीएस४वाय१ या दोनच जनुकांचा आलेख काढा. एक्सिस्ट जास्त, दुसरं शून्य: बाई. उलटं: पुरुष. दोन्ही जास्त असतील तर एक्सएक्सवाय किंवा दोन नमुने मिसळलेले.

लातूर_जीवशास्त्र

आभार सगळ्यांचे. आम्लाची पायरी खरंच नव्हती. आईसाठी मोजणीची परीक्षा सुचवतो, डॉक्टरांमार्फत. एक विचारायचं राहिलं: त्या घरात दोष सुनेवर ढकलला जातोय असं कानावर आलं. तक्त्यातून हे कसं समजावू? आणि कोंबडीचं राहिलंच.

क्रोमॅटिन_संभाजीनगर

तक्ता एक पिढी वर न्या. आईला तो एक्स तिच्या आईकडून किंवा वडिलांकडून आलाय. वडिलांना कमतरता असेल तर त्यांच्या सगळ्या मुली वाहक, मुलगा एकही नाही. म्हणजे त्या घरातल्या मावश्याही तपासण्यासारख्या आहेत, आणि मुलाची बहीण असेल तर तिची शक्यता निम्मी. तक्त्यात ‘दोषी’ असा रकाना नसतो, हे सासूबाईंना शांतपणे दाखवा.

परभणी_पशुपक्षी

कोंबडीचं मी घेतो. पक्ष्यांत नर झेडझेड, मादी झेडडब्ल्यू. नराचा एक झेड बंद पडत नाही. झेडवरची बरीच जनुकं नरात मादीपेक्षा जास्त चालतात, दुप्पट नाही, पण सरासरी दीडपटीच्या अलीकडे. काही जनुकांची भरपाई होते, काहींची नाही. उलट या फरकावरच पक्ष्याचं लिंग ठरतं: डीएमआरटी१ झेडवर आहे, दोन मात्रा मिळाल्या तर वृषण, एक मिळाली तर अंडाशय.

मुलांना डोळ्यांनी दाखवायचं तर बार्ड प्लायमाउथ रॉक जातीची जोडी बघा. पिसांवरचे पांढरे पट्टे झेडवरच्या जनुकाने येतात. कोंबड्याला दोन मात्रा, म्हणून त्याचे पांढरे पट्टे रुंद आणि एकूण रंग फिका. कोंबडीला एक, म्हणून ती गडद. दोन्ही मात्रा प्रत्येक पेशीत चालतात, त्यामुळे फिकेपणा अंगभर एकसारखा. तिरंगी मांजरीत नारिंगीचं जनुक एक्सवर असतं आणि पेशीगणिक एक एक्स बंद, म्हणून तिथे नारिंगी-काळे डाग वेगवेगळे. ही दोन चित्रं शेजारी लावली की एक्स आणि झेड यांतला फरक वेगळा सांगायला नको.

त्या मुलाला घरी करता येईल असं: पिसं उशिरा येण्याचं जनुकही झेडवर आहे आणि ते प्रभावी आहे. लवकर पिसं येणारा नर आणि उशिरा पिसं येणारी मादी यांची पिल्लं घ्या. मुलीला झेड फक्त बापाचा, म्हणून माद्या लवकर पिसाच्या, नर उशिरा पिसाचे. उबवल्यावर पहिल्या दिवसातच पंख हलकेच पसरून बघायचं. पंखाची मुख्य पिसं वरच्या झाकणपिसांपेक्षा स्पष्ट लांब असतील तर मादी, दोन्ही सारखी किंवा मुख्य पिसं आखूड असतील तर नर. दोन दिवस उलटले की फरक पुसट होतो आणि अंदाज चुकतात. मिश्र गावठी कळपात मात्र हे चालणार नाही. आईबाप दोघांचा पिसांचा प्रकार पक्का माहीत हवा, आणि जोडी उलटी लावली (नर उशिराचा शुद्ध, मादी लवकरची) तर सगळी पिल्लं उशिराचीच निघतात, काहीच ओळखू येत नाही.

जालन्याच्या कोष बाजारात माल नेणाऱ्या घरातलं कोणी वर्गात असेल तर रेशीमकिडाही घ्या. तोही झेडडब्ल्यू, पण पक्ष्यांसारखा नाही. डब्ल्यूवरून येणारा एक अगदी छोटा आरएनए झेडवरच्या मॅस्क जनुकाचा संदेश कापतो, म्हणून मादी. नरात मॅस्क टिकतो, आणि तोच दोन्ही झेडचं काम आवरून मादीच्या एका झेडच्या बरोबरीला आणतो. कोषातलं लिंग ओळखायचं तर प्युपा काढून पोटाकडून बघा: मादीच्या आठव्या खंडावर बारीक फुलीसारखी रेघ, नराच्या नवव्या खंडावर गोल ठिपका. भिंग १० पटीचं पुरतं, आणि प्युपा ताजा हवा, काळपट पडायला लागला की खूण दिसत नाही.